वस्तीचा रकाना

सोमवार, ३ फेब्रुवारी १९१३. मुक्काम कुंभारवाडा

दोन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून काल पोचलो. एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून पडवी मिळाली आहे. बैल माझ्यापेक्षा चांगल्या जागी आहेत.

काम असं. इथून कोसभर आत, काळी नदीच्या वळणावर करंजमळी नावाचं खाजगी रान आहे. थोरले मालक वारले. चिरंजीव भाऊसाहेब ते रान सरकारला देऊ म्हणतात, वडिलांच्या नावाने 'सार्वजनिक विहारस्थान' करायला. बेळगाव-धारवाडचे लोक आगगाडीने येणार, झाडाखाली फराळ करणार, डोहात डुंबणार, हवा खाऊन परत जाणार. जागा त्या लायक आहे की नाही ते पाहून मी छापील तक्ता भरायचा. रकाने सहा: वाट, पाणी, सावली, श्वापदांचे भय, वस्ती, सर्वसाधारण शेरा. वस्ती असेल तर देणगी घ्यायची नाही, मागाहून तंटे नकोत, असा हुकूम. नसेल तर कुंपण पडेल.

निघताना साहेब म्हणाले, तक्ता लवकर आणि नीट आला तर बेळगावच्या जागेसाठी तुमचं नाव पुढे करतो.

आक्काचं पत्र खिशातच आहे. मेहुण्यांची बदली सोलापूरला, शिमग्यानंतर निघणार. 'कुसुमचं काय करायचं ते कळव.' कुसुम, माझी मुलगी, आता नऊ वर्षांची. आई गेली तेव्हा पाळण्यात होती, तेव्हापासून आक्काकडे. आक्काला आई म्हणते, मला 'ते'. 'ते आले', 'ते गेले'. बेळगाव मिळालं तर निदान एका छपराखाली राहू. नाही मिळालं तर ती सोलापूरला, आणि मी जन्मभर 'ते'.

मंगळवार, ४ फेब्रु.

मोजणीची साखळी धरणारा धाकू हुडहुडी भरून पडला. इथल्याच गुंद गावचा माणूस, केस पिकलेले, माझ्याबरोबर तिसरं वर्ष. या रानातला ताप. क्विनिन दिलं तर थुंकला. "जहर हाय रावसाब, तापच बरा." त्याला पडवीत घोंगडीखाली ठेवून एकट्यानेच जावं लागणार.

दुपारी भाऊसाहेबांचा कारभारी आला. गोड बोलणारा, पानाचा डबा मांडीवर. साखळीला माणूस देतो म्हणाला. डोह उद्या पाहू, वरची जुनी वाडी परवा. मी म्हटलं, धाकू उठला की आठवड्याने वरचं पाहू. "न्हाई न्हाई, परवाच उरकू. मग मला सुप्याला जायचं हाय." बरं म्हटलं. मलाही घाईच आहे.

बुधवार, ५ फेब्रु.

डोह. काय जागा आहे. पाणी नितळ, थंड, तळाचे गोटे दिसतात. काठाने जांभूळ, करंज, किंजळ. भर दुपारी अंगाला ऊन लागत नाही. तासभर नुसता बसून होतो. सावलीच्या रकान्यात 'उत्तम' लिहिलं आणि मग 'अति' जोडलं. सरकारी कागदात असा उमाळा बरा नव्हे, पण खोडला नाही.

कु.ला इथे एकदा आणीन. तिला पाणी आवडतं असं आक्का लिहिते. मला स्वतःला ठाऊक नाही.

गुरुवार, ६ फेब्रु. अमावास्या

वाडी पाहिली. पाहिली म्हणजे ओढ्याच्या अलीकडून. चौदा घरं, गवताची छपरं. सगळी दारं सताड उघडी. धूर नाही, कोंबडं नाही, कुत्रं भुंकलं नाही. तुळशीच्या जागी नुसता मातीचा उंचवटा. कारभारी म्हणाला, "दोन सालामागं तापानं निम्मी गेली, उरलेली पळाली. कोन ऱ्हातंय हितं?"

ओढ्याला पाणी घोट्याएवढं. पलीकडे जायला दहा पावलं. मी गेलो नाही.

खरं कारण इथे लिहितो, तक्त्यात त्याला रकाना नाही. प्लेगच्या साली बेळगावात आमच्या आळीतली दारं अशीच उघडी होती. आम्ही गावाबाहेर झोपडीत होतो. थंडी पडली म्हणून कु.ची आई, सरस्वती, तिची कुंची आणायला तेवढी घरात गेली. मी झोपडीच्या दारात उभा राहून 'लवकर ये' म्हणालो. पाचव्या दिवशी संपली. तेव्हापासून उघड्या दाराच्या रिकाम्या घरात माझं पाऊल पडत नाही. कारभाऱ्यापुढे मात्र "वेळ कशाला दवडा" असं म्हणालो, मोठ्या रुबाबात.

अंगणं सारवलेली वाटली. उन्हामुळे असेल.

रकाना पाचवा: 'वस्ती नाही. जुनी घरे चौदा, ओसाड.'

शनिवार, ८ फेब्रु.

तक्त्याची स्वच्छ प्रत काढली, सही केली, टपालवाल्याच्या पिशवीत टाकली. अक्षर छान आलं. नकाशा अजून बाकी आहे, त्याला चार-सहा दिवस. आक्काला लिहिलं: कुसुमला थांबवून धर, बेळगावचं जमेल असं दिसतं.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

गुरुवार, १३ फेब्रु.



धाकू उठला. सकाळी त्याला घेऊन डोहावर हद्दीची मापं घेत होतो. झाडांच्या वर धूर दिसला. एक नाही, पाच-सहा. कोंबडा आरवला. मी विचारलं, तिकडे कोण राहायला आलं?

"कोन येतंय? करंजमळीची वाडीच की ती."

"ती ओसाड आहे."

धाकूने साखळी खाली ठेवली. "रावसाब, अमोशेला गाव भायर गेलता. तीन दिस. दर तिसऱ्या सालाला जातोय. तुमी काय तवाच बगून आला?"

मी व्हय म्हणालो. माझ्या तोंडून 'व्हय'च आलं.

त्याने साखळी पुन्हा उचलली. तीन वर्षांत पहिल्यांदाच मला या माणसापुढे लाज वाटली.

शुक्रवार, १४ फेब्रु.

ओढा ओलांडला. वहाणा हातात घेऊन, दहा नाही, आठच पावलं.

वाडीचा बुधवंत, म्हणजे यांचा मुखिया, काटकुळा म्हातारा, एका डोळ्यात फूल. कांबळं अंथरून बसवलं, गूळपाणी दिलं. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. दर तिसऱ्या वर्षी, भाताची मळणी उरकली की देवाचा कौल घेतात आणि सगळा गाव शिवेबाहेर तीन रात्री पानांच्या खोपीत राहतो. बैल, कोंबड्या, कुत्री सगळं बरोबर. मांजरं पोत्यात घालून. तुळस मातीसकट उपटून मडक्यात. चुलीतली राख काढून लांब टाकायची, घर सारवायचं आणि दार उघडं टाकायचं. मग देव घराघरातून फिरतो आणि तीन वर्षांची इडापिडा दारातून बाहेर काढतो. "एक धूर जरी दिसला तरी देव माघारी फिरतोय," बुधवंत म्हणाला.

म्हणजे माझ्यासारखा सरकारी माणूस वस्तीची जी जी खूण शोधतो ती ती हे लोक नेमाने पुसून जातात. आणि मी नेमका त्याच दिवशी ओढ्याशी उभा.

विचारलं, गाव कधी बाहेर जाणार हे आणखी कोणाला माहीत असतं?

"मालकाला. आदी मालकाला नारळ द्यायचा, मग हालायचं. थोरले मालक हुते तवापासनं. औंदा धाकट्याला दिला, पौषात."

मग कारभाऱ्याचं 'परवाच उरकू' आठवलं.

घराण्याने यांना कधी कागद दिला नाही. थोरल्या मालकाने 'रहा, रान राखा' म्हटलं, हे राहिले. तीन पिढ्या.

बुधवंताची थोरली बहीण आहे, सोमी. विधवा, दात नाहीत, जीभ शाबूत. मी ओढ्यापलीकडून घरं मोजल्याचं कबूल केलं तेव्हा ती सुपातली नाचणी पाखडायची थांबवून बघत राहिली. "आत यायला काय काटं हुतं, बाबा?"

भाऊसाहेबांवर माझा संताप संताप झाला. परतताना मोठमोठ्याने शिव्या देत आलो, धाकू मागे. पण त्यांनी फक्त दिवस निवडला. ओढा मी ओलांडला नाही.

मंगळवार, १८ फेब्रु.

चार दिवस दुरुस्तीचं पत्र लिहितो आहे. तीन खर्डे फाडले. पहिल्यात सगळा दोष कारभाऱ्यावर. दुसऱ्यात देवाच्या चालीवर. तिसऱ्यात 'नजरचुकीने'. नजर चुकली नव्हती, नजर छान होती, पाय चुकले.

बेळगाव गेलं हे नक्की. खोटा तक्ता भरणाऱ्याला कोण बढतीच्या जागी नेतं? रविवारी तर असंही मनात आलं की पत्र पाठवूच नये. चौदा घरांचा मला काय संबंध? कुठेतरी दुसरीकडे राहतील, रान काय कमी आहे. हे मनात आलं, आणि बराच वेळ बरं वाटत राहिलं. तेही लिहून ठेवतो.

आज चौथा खर्डा पाठवला: 'मी वाडीत न जाता लांबून पाहून लिहिले. वस्ती आहे. चौदाही घरे नांदती आहेत.'

आक्काला काही लिहिलं नाही.

शुक्रवार, २८ फेब्रु.

साहेबांचं उत्तर. 'एकाच हाताने एकाच महिन्यात वस्ती नाही आणि वस्ती आहे, दोन्ही लिहिले. भाऊसाहेबांचे म्हणणे, माणसे बाहेरून आणून बसवली आहेत. सोमवार १० मार्च रोजी मी स्वतः येऊन पाहीन. तोवर हलू नये.'

वाचून आधी घाम फुटला, मग हायसं वाटलं. येऊ दे. चौदा चुली पेटलेल्या बघू दे.

रविवार, २ मार्च

वाडीत जाऊन सांगितलं. बुधवंत खुलला. "येऊ दे की. आमी काय लपून बसलोय?" माझ्यापुढे उकडलेली कोनं आणि मीठ-मिरची आली. हे रानातले कंद यांच्याकडे पाहुण्याला देतात.

सोमीने विचारलं, सरकारला हे रान कशाला पाहिजे? मी सांगितलं, लोकांना हवा खायला, हिंडायला.

"लोकं म्हंजे कोन?"

म्हटलं, शहरातले. म्हणजे सगळेच. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांसाठी.

"मग त्यात आमी न्हाई व्हय?"

कोन तोंडात होतं ते बरं झालं. ती हसत होती, मला टोमणा मारून बायकांकडे बघत होती. त्या सगळ्या हसल्या. मीही हसलो. या वाडीत पहिल्यांदाच.

शुक्रवार, ७ मार्च

तापाने धरलं वाडीला. मंगळवारी बुधवंताची सून गेली, पोटुशी होती. काल आणखी दोघं. क्विनिनची होती नव्हती ती पुडी देऊन आलो, कोणी घेतली कोणी नाही.

आज देवळापुढे कौल लावला. देवाने उजवी दिली, म्हणजे होकार: गाव सोडा, लगेच, पाच दिवस. तिसऱ्या वर्षाची वाट नाही.

मी बुधवंताच्या पाया पडायचा बाकी राहिलो. सोमवारी साहेब येतात. तीन दिवस थांबा. निदान निम्मे थांबा. चार घरं तरी.

"रावसाब, सून गेली माजी. आनी कोन जाया पायजे?"

मग माझा तोल गेला. ओरडलो, जा, मी ओसाडच लिहितो, तुमचा देवच तुम्हाला रानातून बाहेर काढतोय. असं म्हणालो, मेलेल्या पोरीच्या सासऱ्याला. एक बाई कोंबडीचे पाय बांधत होती, तिने बांधायचं थांबवलं नाही. सोमी तेवढी माझ्याकडे बघत होती.

सोमवार, १० मार्च

साहेब घोड्यावर, भाऊसाहेब तट्टावर, कारभारी, धाकू, मी. ओढ्याशी आलो आणि तेच. दारं उघडी, तुळशी नाहीत, कुत्रं नाही. भाऊसाहेबांनी नुसतं साहेबांकडे पाहिलं.

मग धाकूने बोट केलं. टोकाच्या घरातून धूर येत होता.

सोमी चुलीपुढे बसली होती. घरात दुसरं काही नाही, एक मडकं आणि ती.

साहेबांनी दारातून विचारलं, "इथे कोण राहतं?"

"आमी समदी."

"कुठे आहेत सगळी?"

"शिवेभायर. मानसं मराय लागली म्हनून."

"मग तू का राहिलीस?"

"धूर कराय."

भाऊसाहेब मोठ्याने हसले. "शिकवून बसवलेली दिसते." आणि खरंच, ऐकताना तसंच वाटलं. साहेब माझ्याकडे वळले: तुम्ही बसवलंत हिला? मी नाही म्हटलं. शपथेवर नाही. मला माहीतच नव्हतं. त्यांना पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं.

मी म्हणालो, साहेब, शिवेबाहेर सगळे आहेत, अर्ध्या तासाची वाट, चला दाखवतो. साहेबांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. "तापाच्या माणसांत?" घोडा वळवला.

मीही असाच ओढ्याशी थांबलो होतो.

मुक्कामावर येऊन मला एकट्याला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, तुम्ही इथे महिनाभर आहात, मी दोन तास. नवा तक्ता भरा, शेवटचा. तुम्ही जे लिहाल ते मी वर पाठवीन. वस्ती लिहिलीत तर पहिला तक्ता खोटा होता हेही मला लिहावं लागेल, त्याचं काय होतं तुम्हाला ठाऊक आहे. मग पिशवीतून एक कागद काढून दाखवला. बेळगावच्या नेमणुकीचा. माझं नाव, साहेबांची सही तेवढी बाकी. परत पिशवीत ठेवला. गुरुवारच्या टपालात तक्ता पाहिजे.

वाईट माणूस नव्हे. त्याला हे प्रकरण एकदाचं मिटायला हवं आहे. मलाही.

बुधवार, १२ मार्च

सकाळी पत्र आलं. आक्काचं नव्हे, कु.चं स्वतःचं. पाटीवरून कागदावर आलेलं ताजं अक्षर, ओळी वर चढलेल्या. 'तीर्थरूप बाबांस सा. न.' बाबा. पहिल्यांदाच. 'तुम्ही येईपर्यंत मी सोलापूरला जाणार नाही असे मी आईला सांगितले आहे. मला पोहायला शिकवा.' चार वेळा वाचलं, मग धाकूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ल्येक शानी हाय." मी पडवीत बसून रडलो, बैलांसमोर.

तक्ता घेऊन निघालो. कुठे जायचं ठरवलं नव्हतं, ओढ्याशी पोचलो.

वाटेत धाकूने सांगितलं. गाव उद्या परत येईल. सोमीने नेम मोडला. ती असताना धूर झाला, म्हणून देव फिरला नाही, ताप पुढे कोणाला आला तर तिच्यामुळे. आता तिच्या हातचं पाणी कोणी घेणार नाही, तिच्या चुलीतला विस्तव कोणी मागणार नाही. भाऊ झाला तरी. धाकू स्वतः ओढ्याच्या अलीकडेच थांबला. मला राग आला नाही. त्याचं घर गुंदला आहे, त्याला यांच्यातच राहायचं आहे.

मी आत गेलो. उघड्या दारातून, रिकाम्या घरांच्या मधून. पाय थांबले नाहीत.

सोमीला ताप आहे. भिंतीला टेकून बसली होती, डोळे तांबडे. विचारलं, तुला माहीत होतं ना, राहिलीस तर काय होईल?

"ठाव हाय की. ल्हानपनापासनं ठाव हाय."

"मग?"

"तू ओरडलास न्हवं त्या दिशी, ओसाड लिवतो म्हनून."

मी मान खाली घातली. मला म्हणायचं होतं की रागात बोललो, मनातलं नव्हतं. पण तेही खरं नाही. त्या क्षणी मनातलंच होतं. तिला तसं सांगितलं. तिने नुसतं हुं केलं.

मडक्यात पेज होती. तिने पानाचा द्रोण पुढे केला आणि मग थांबली, घेतोस का म्हणून बघत राहिली. घेतली. अळणी होती, मीठ संपलं असावं. सगळी प्यालो.

तक्ता मांडीवर घेऊन तिथेच लिहायला बसलो. वाट: बैलगाडीची, पावसाळ्यात बंद. पाणी: बारमाही, गोड. सावली: उत्तम, या खेपेस 'अति' नाही. श्वापदांचे भय: थोडे. सर्वसाधारण शेरा राहू दिला. पाचव्या रकान्याशी टाक ठेवला आणि शाई वाळली, पुन्हा बुडवली, पुन्हा वाळली. खिशात कु.चं पत्र, बोटाला लागत होतं.

सोमीने विचारलं, "काय लिवलंस आमचं?"

म्हटलं, अजून काही नाही.

"मग त्येवडं लाकूड सार म्होरं. माजा हात पोचंना."

टाक खाली ठेवला. लाकूड पुढे सारलं, फुंकर घातली. ओलं होतं, पेटायला वेळ लागला, घरभर धूर झाला आणि छपरातून बाहेर गेला. ओढ्यापलीकडून धाकूला दिसला असेल.

पाचवा रकाना अजून कोरा. उद्या सकाळी टपालवाला निघतो.